शोध कोणाचा, सही कोणाची



विज्ञानातल्या चोरीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चोर उभा राहतो. तो दुसऱ्याचा शोधनिबंध उतरवून काढतो, वर आपले नाव घालतो आणि मान मिरवतो. असे लोक आहेत आणि ते सापडतातही. कुमाऊं विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नावावर छापलेला भौतिकशास्त्राचा एक निबंध स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रेनाटा कालोश यांच्या निबंधावरून उचललेला असल्याचे २००२ साली उघड झाले. तेव्हा नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलामांना पत्र लिहिले, चौकशी झाली आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले. पुढे दीड दशकाने, २०१८ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याला आळा घालणारे नियम काढले. प्रबंध संगणकात घालायचा आणि तो आधीच्या लेखनाशी किती टक्के जुळतो ते पाहायचे. १० टक्क्यांपर्यंत माफी, पुढे ४० आणि ६० अशा पायऱ्या, आणि ६० च्या वर गेल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. हे नियम हवेतच. पण शब्द मोजणारी ही चाळणी जी चोरी पकडते, ती विज्ञानातली सर्वांत किरकोळ चोरी आहे. मोठी चोरी होते तेव्हा एकही वाक्य उचललेले नसते. निबंध अस्सल असतो, प्रयोग खरे असतात, सह्या खऱ्या असतात, पुष्कळदा सगळ्यांची नावेही छापलेली असतात. आणि तरीही शोध एकाचा राहतो आणि कीर्ती दुसऱ्याची होते. माझे आजचे म्हणणे असे आहे, की अशा वेळी श्रेय बहुधा खालून वर जाते. हाताखालच्या माणसाचे काम हळूहळू वरच्या माणसाच्या नावावर जमा होते. त्यासाठी कोणी दुष्ट असावेच लागते असे नाही. संस्थांची रोजची वहिवाट तेवढ्याला पुरते.

दहा उदाहरणांची यादी वाचून दाखवता येईल, पण यादीने टाळ्या मिळतात, सिद्ध काहीच होत नाही. त्यापेक्षा एकच प्रकरण शेवटपर्यंत उलगडून पाहू. मी स्ट्रेप्टोमायसिनचे प्रकरण घेतो, कारण त्यातले कागद शिल्लक आहेत: प्रयोगवह्या आहेत, पेटंट आहे, कोर्टापुढे आलेली कैफियत आहे. शिवाय हे औषध आपल्या ओळखीचे आहे. क्षयाला राजयक्ष्मा म्हणण्याच्या काळात आपल्याकडे मिरजेसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामांत कोरडी हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपाय होता. पेनिसिलीन आले, पण क्षयाच्या जंतूंपुढे ते निष्प्रभ होते. त्या जंतूंवर चाललेले पहिले प्रतिजैविक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. ब्रिटनमध्ये १९४७-४८ साली १०७ रुग्णांवर त्याची जी चाचणी झाली, तिचे आकडे वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते. नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही हे औषध तयार होऊ लागले. एवढ्या मोठ्या शोधाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न म्हणूनच साधा नव्हता.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रटगर्स नावाचे विद्यापीठ आहे. तिथे सेल्मन वॅक्समन हे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे जगन्मान्य अभ्यासक होते. मातीत असे जीव असतात की जे दुसऱ्या जंतूंना मारणारी द्रव्ये तयार करतात. ती द्रव्ये पद्धतशीरपणे हुडकण्याची मोहीम त्यांनी १९३९ च्या सुमारास हाती घेतली. औषधे बनवणारी मर्क ही कंपनी तिच्या पाठीशी होती. मोहिमेतून १९४० मध्ये ॲक्टिनोमायसिन आणि १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रायसिन निघाले. दोन्ही इतकी विषारी, की माणसाला देण्याच्या कामाची नव्हती. १९४३ च्या उन्हाळ्यात अल्बर्ट शॅट्झ नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी पाठीच्या दुखण्यामुळे सैन्यातून सुटून रटगर्सला परतला. महिना ४० डॉलरवर त्याने पीएच.डी.चे काम सुरू केले. त्याच्या वहीत २३ ऑगस्टला अकरावा प्रयोग सुरू झाल्याची नोंद आहे. १९ ऑक्टोबरला त्याच्या हाती स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या जीवाचे दोन वाण लागले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून आला होता, दुसरा कोंबडीच्या घशातून. कोंबडीच्या घशाचा नमुना असलेली बशी डोरिस जोन्स या सहाध्यायी विद्यार्थिनीने त्याला दिली होती. या वाणांपासून मिळालेले द्रव्य पेनिसिलीनला न जुमानणाऱ्या जंतूंना मारत होते. जानेवारी १९४४ मध्ये पहिला निबंध निघाला. त्यावर नावांचा क्रम असा होता: शॅट्झ, एलिझाबेथ बुगी, वॅक्समन. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्षयाच्या जंतूंवरचा निबंध आला, शॅट्झ आणि वॅक्समन यांच्या नावाने. क्षयाच्या जिवंत जंतूंबरोबर तळघरातल्या खोलीत रात्रंदिवस काम केले ते शॅट्झने. त्याच्या सांगण्यानुसार संसर्गाच्या भीतीने वॅक्समन त्या तळघरात फिरकत नसत. मेयो क्लिनिकच्या फेल्डमन आणि हिन्शॉ यांनी गिनीपिगवर आणि मग माणसांवर औषध तपासले. पेटंटसाठी अर्ज करताना वॅक्समन आणि शॅट्झ या दोघांनी शपथेवर लिहून दिले की शोध आमचा दोघांचा आहे. पेटंट सप्टेंबर १९४८ मध्ये मिळाले, तेही दोघांच्या नावाने.

इथपर्यंत कोणाला नाव ठेवण्यासारखे काही नाही. उलट विद्यार्थ्याचे नाव पहिले घालणारा हा प्राध्यापक आजच्या आपल्या कित्येक विभागप्रमुखांपेक्षा उदारच म्हणायला हवा. श्रेय सरकले ते नंतर, आणि टप्प्याटप्प्याने. वर्तमानपत्रांना एक चेहरा हवा होता. तो प्राध्यापकाचा मिळाला, कारण बातमीदार विभागप्रमुखाच्या खोलीत जातात, तळघरात जात नाहीत. वॅक्समन देशोदेशी सत्कारांना जाऊ लागले. त्यांच्या कथनात शोधाची सुरुवात कोंबडीपासून होऊ लागली. एका शेतकऱ्याची आजारी कोंबडी, तिची तपासणी करणारा कुक्कुटतज्ज्ञ, त्याने वॅक्समनकडे धाडलेला नमुना, अशी ती चटकदार गोष्ट होती. तिच्यात शॅट्झचे काम उरले ते दिलेला नमुना हाताळणाऱ्या मदतनिसाचे. वहीत मात्र शेणखताच्या मातीतला वाण होताच, आणि तो कोणी आणून दिलेला नव्हता. दुसरा टप्पा पैशाचा. १९४६ मध्ये दोघांनी आपले पेटंटहक्क रटगर्सच्या प्रतिष्ठानाकडे सोपवले ते नाममात्र एकेका डॉलरच्या मोबदल्यात. औषध लोकांना स्वस्तात मिळावे म्हणून आपण दोघेही हक्क सोडत आहोत, अशी शॅट्झची समजूत होती. प्रतिष्ठानाशी वॅक्समन यांचा वेगळा करार होता आणि त्यानुसार रॉयल्टीचा पाचवा हिस्सा त्यांना मिळत होता, हे त्याला ठाऊक नव्हते. १९४९ मध्ये त्याने पत्राने विचारणा सुरू केली, तेव्हा उत्तरे आली ती तू अनेक मदतनिसांपैकी एक होतास, या आशयाची. मार्च १९५० मध्ये त्याने आपल्या प्राध्यापकावर आणि प्रतिष्ठानावर दावा लावला.

दाव्यात उघड झाले की वॅक्समन यांना तोवर साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली होती. डिसेंबर १९५० मध्ये तडजोड झाली. शॅट्झ हा सहसंशोधक आहे, हे कायद्याच्या भाषेत मान्य झाले. परदेशी हक्कांपोटी त्याला सुमारे सव्वा लाख डॉलर मिळाले आणि पुढच्या रॉयल्टीतला ३ टक्के हिस्सा. वॅक्समन यांचा हिस्सा १० टक्क्यांवर आला, आणि ७ टक्के प्रयोगशाळेतल्या इतरांना वाटायचे ठरले. न्याय झाला असे वाटावे, असा हा निकाल. पण विज्ञानाच्या जगाने तो निकाल कधी मनावर घेतलाच नाही. गुरूला कोर्टात खेचणारा शिष्य म्हणून शॅट्झचे नाव झाले. मोठ्या प्रयोगशाळांचे दरवाजे त्याला बंद झाले आणि त्याला पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा शेतकी महाविद्यालयात नोकरी धरावी लागली. १९५२ चे वैद्यकाचे नोबेल स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाबद्दल जाहीर झाले, एकट्या वॅक्समन यांना. त्या शेतकी महाविद्यालयाने स्टॉकहोमला निषेध कळवला. निर्णय बदलला नाही. दोन वर्षांनी वॅक्समन यांचे आत्मचरित्र निघाले. त्यात शॅट्झ एक अनामिक विद्यार्थी होऊन राहिला आहे.

आता या प्रकरणात वाङ्मयचौर्य शोधून दाखवा. सापडणार नाही. पहिल्या निबंधावर पहिले नाव शॅट्झचे, पेटंटवर दोघांची नावे, प्रबंध त्याचा त्याने लिहिलेला. आयोगाच्या नियमांची चाळणी इथे लावली तर वॅक्समन निर्दोष सुटतील. शॅट्झचे नाव छापले गेले होते. जगाने ते वाचले नाही. एकाच निबंधावर एक नामवंत आणि एक अनोळखी अशी दोन नावे असतील तर वाचणारा नामवंताचेच लक्षात ठेवतो, ही गोष्ट समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली सायन्स या नियतकालिकातल्या लेखात मांडली. ज्याच्यापाशी आहे त्याच्याच पदरात आणखी पडते, या मॅथ्यूच्या शुभवर्तमानातल्या वचनावरून त्यांनी तिला मॅथ्यू परिणाम असे नाव दिले. या लेखाचीही एक गंमत आहे. तो उभा होता हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींवर. लेखावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचे. पुढे त्यांनी स्वतःच छापून कबूल केले की हा लेख दोघांच्या नावाने यायला हवा होता. श्रेय वर सरकते हा सिद्धान्त मांडणाऱ्या लेखाचेच श्रेय वर सरकले, आणि तेही इतक्या सज्जन आणि जाणत्या माणसाच्या हातून. वहिवाट कशी काम करते याचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो वजनदार आहे. मोहीम वॅक्समन यांची होती, पद्धत त्यांची, पैसा त्यांनी आणलेला, मर्क आणि मेयोशी संबंध त्यांचे. ज्या जातीच्या जीवाने स्ट्रेप्टोमायसिन दिले, तिचे वर्णन त्यांनीच कित्येक वर्षे आधी, १९१६ मध्ये केले होते. शॅट्झ नसता तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांनी तेच सापडले असते. यातले शेवटचे विधान सोडले तर सगळे खरे आहे, आणि शेवटचेही खरे असण्याची शक्यता आहे. वॅक्समन यांचा वाटा काढून टाकणारी शॅट्झभक्तांची आवृत्तीही म्हणूनच तितकीच खोटी ठरते. पण या आक्षेपातून निष्पन्न काय होते? शोधाला दोन हात लागले, एवढेच. एकाचा हात पुसून टाकायला तो आधार देत नाही. मोहीम उभारण्याबद्दल सन्मान करायचा तर त्या मोहिमेबद्दल करावा. पारितोषिक जाहीर झाले ते शोधाबद्दल, एकट्या वॅक्समन यांना, आणि तो शोध संयुक्त असल्याचे वॅक्समन यांनी शपथेवर लिहून दिलेले होते. दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत. नोबेल तिघांपलीकडे वाटता येत नाही, ही अडचण अनेक ठिकाणी खरोखरच येते. १९४५ मध्ये पेनिसिलीनचे पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले, आणि पेनिसिलीन वेगळे काढण्याची रीत प्रत्यक्षात बसवणारे नॉर्मन हीटली चौथे म्हणून बाहेर राहिले. १९५२ मध्ये तीही सबब नव्हती. दोन जागा मोकळ्याच होत्या.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो जिच्यावर अन्याय झाला असे जग मानते तिनेच घेतला आहे. केंब्रिजमध्ये १९६७ साली जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीने रेडिओ दुर्बिणीच्या मैलोगणती कागदपट्ट्या डोळ्यांखालून घालताना पहिल्या पल्सारची खूण टिपली. १९७४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना. बेल यांनी स्वतः म्हटले की अपवाद वगळता विद्यार्थ्यांना नोबेल देऊ नये. प्रकल्प फसला तर त्याची जबाबदारी मार्गदर्शकावर येते, म्हणून यशाचे श्रेयही त्याचे असावे. बाईंचा मोठेपणा निर्विवाद आहे. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचा एक पुरस्कार मिळाला, तेव्हा तीही सगळी रक्कम त्यांनी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. पण युक्तिवाद मला पटत नाही. प्रकल्प फसला की मार्गदर्शकाच्या कारकिर्दीत एक वर्ष वाया जाते, विद्यार्थ्याची कारकीर्दच सुरू होत नाही. जोखीम मोजायचीच तर ती खालच्या माणसाने अधिक उचललेली असते. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रार केली नाही, एवढ्याने हिशोब चुकता होत नाही. तक्रार केली तर काय होते हे शॅट्झने दाखवून दिलेच होते.

तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात, औषध लागू पडले, माणसे वाचली. रुग्णाला सुई कोणाच्या नावाची याच्याशी काय कर्तव्य? विज्ञान कोणा एकाचे नसते, मग नावाचा एवढा अट्टहास कशाला? हे वैराग्य नेहमी ज्याचे नाव झालेले असते त्याच्याच तोंडी ऐकू येते, हे बाजूला ठेवू. श्रेय चुकले की शोधाचा इतिहासच चुकतो. कोंबडीच्या गोष्टीमुळे दशकानुदशके लोकांना वाटत राहिले की स्ट्रेप्टोमायसिन योगायोगाने हाती आले. वास्तवात मातीचे असंख्य नमुने चिकाटीने तपासण्यातून ते आले होते. पुढच्या संशोधकाने काय शिकायचे, नशिबावर हवाला ठेवायला की चिकाटी धरायला, हे अशा गोष्टींवरून ठरते. शिवाय आज विज्ञानात नाव म्हणजे नोकरी, अनुदान आणि पुढचे संशोधन करण्याची संधी. नोबेल जाहीर झाले तेव्हा शॅट्झ ३२ वर्षांचा होता. पहिल्या प्रतीच्या प्रयोगशाळेत त्याने आणखी काय काढले असते, याचे उत्तर आता कोणालाच देता येणार नाही. तोटा त्याचा एकट्याचा झाला असे मानणे हा हिशोबातला घोटाळा आहे.

आपल्याकडे या विषयाला एक वेगळीच बाजू असते. आमचे शोध गोऱ्यांनी चोरले, असे म्हटले की सभागृह पेटते. म्हणून त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. जगदीशचंद्र बोस यांचे प्रकरण यात सर्वांत बळकट आहे. पाऱ्याचा उपयोग करणारे, आपोआप पूर्ववत होणारे विद्युत्‌लहरींचे ग्राहक यंत्र त्यांनी बनवले आणि त्याविषयीचा निबंध १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संकेत न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला, तेव्हा त्याच्या हाती पाऱ्याचेच ग्राहक यंत्र होते. ते त्याला इटलीच्या नौदलातला अधिकारी लुइजी सोलारी याने दिले होते. लगेच इटलीत वाद उसळला. तो सोलारीचा शोध नसून कास्तेल्ली नावाच्या नौदलातल्या साध्या संकेतवाहकाचा आहे, असे एका संपादकाने छापले. संकेतवाहकाकडून अधिकाऱ्याकडे आणि अधिकाऱ्याकडून मार्कोनीकडे असा हा प्रवास, आणि कलकत्त्याच्या प्राध्यापकाचा त्यात नामोल्लेखही नाही. बोस यांचा निबंध मात्र कोणालाही वाचता येईल असा छापलेला होता. उल्लेख न करणे ही इथली चूक आहे आणि ती गंभीर आहे. पण मार्कोनीने रेडिओच बोस यांच्याकडून चोरला, हे आपल्याकडचे लाडके वाक्य खरे नाही. एक भाग आणि संपूर्ण यंत्रणा यांत फरक असतो. लांब पल्ल्याची बिनतारी यंत्रणा उभारण्याचा मार्कोनीचा उद्योग त्याचाच होता, आणि त्या ग्राहकाची वंशावळ नेमकी कशी यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. जेवढे सिद्ध आहे तेवढेच मागितले तर बोस यांची बाजू भक्कम आहे. त्याहून अधिक मागितले की ती लंगडी पडते.

शिवकर बापूजी तळपदे यांच्या बाबतीत तर एवढाही आधार नाही. त्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, असे महाराष्ट्रात अभिमानाने सांगितले जाते, चित्रपटही निघाला. त्या उड्डाणाचा त्या काळातला, तपासून पाहता येईल असा पुरावा पुढे आलेला नाही. ज्या वैमानिकशास्त्राचा त्यांच्या संदर्भात हवाला दिला जातो, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकापेक्षा जुना नाही आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. शॅट्झला न्याय मिळवून देणारी वस्तू म्हणजे तारीख घातलेली प्रयोगवही. तीच कसोटी तळपदे यांना लावली की दावा टिकत नाही. एकाच्या बाबतीत कसोटी धरायची आणि दुसऱ्याच्या बाबतीत अभिमानापोटी सोडायची, असे करता येणार नाही.

आणि कसोटी आपल्याही बाजूने लागली आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. १९२८ च्या फेब्रुवारीत मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलस्टॅम यांनी स्फटिकात प्रकाशाच्या विकिरणाचा तोच परिणाम पाहिला, जो त्याच महिन्यात कलकत्त्याला रामन आणि कृष्णन यांनी द्रवांत पाहिला. रशियनांच्या नोंदीची तारीख २१ फेब्रुवारी आहे, आपण विज्ञान दिन पाळतो तो २८ ला. रामन यांचे निबंध मार्चअखेर छापून जगभर पोचले होते, रशियनांचा निबंध उन्हाळ्यात निघाला. नोबेल कलकत्त्याला आले. रशियनांचे काही चोरीला गेले नव्हते. दोघांनी स्वतंत्रपणे शोधले आणि आधी छापले त्याला मान मिळाला. मॉस्कोत या निर्णयाबद्दल बोलले जाते तेव्हा आपण छपाईच्या तारखा पुढे करतो, आणि ते रास्तच आहे. मात्र त्याच तारखांच्या कागदावर दुसरे एक नाव आहे, करिअमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन. नवा परिणाम जाहीर करणारे नेचरमधले ३१ मार्चचे पत्र रामन आणि कृष्णन या दोघांच्या सहीचे आहे. प्रकाशाच्या विकिरणावर १९२१ पासून ध्यास घेतलेले रामन हेच या शोधाचे नेते होते, याविषयी शंका नको, आणि त्यांनी कृष्णन यांचे काम जाहीरपणे मान्यही केले. तरी १९३० चे नोबेल एकट्या रामन यांचे, परिणामाला नाव एकट्या रामन यांचे, आणि दर २८ फेब्रुवारीला आपल्या शाळांच्या फलकांवर चित्रही एकट्या रामन यांचे. मार्कोनीवर बोट ठेवणाऱ्या कितीजणांना कृष्णन यांचे नाव सांगता येईल? श्रेय वर सरकायला गोरा माणूस लागत नाही.

उपाय काही अंशी सुरू झाले आहेत. अलीकडे पुष्कळ नियतकालिके निबंधाखाली कोणी काय केले याची नोंद मागतात. कल्पना कोणाची, प्रयोग कोणाचे, आकडेमोड कोणाची, लेखन कोणाचे, अशा १४ कामांची एक यादीच त्यासाठी रूढ झाली आहे. तिचा उपयोग होईल, पण ती भरून देणारा हातही बहुधा प्रमुखाचाच असतो, हे विसरून चालणार नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत सत्य बाहेर आले ते प्रमुखाच्या निवेदनातून आलेच नाही. वह्या जपल्या गेल्या म्हणून आणि करार कोर्टापुढे आले म्हणून आले. रटगर्सने १९९४ साली, शोधाच्या पन्नाशीला, शॅट्झला विद्यापीठाचे पदक दिले तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. पहिल्या निबंधावर दुसरे नाव असलेल्या एलिझाबेथ बुगी पेटंटवर नाहीत. तडजोडीत त्यांच्या वाट्याला ०.२ टक्के आले.

आपल्या विद्यापीठांत प्रबंध सादर करताना संगणकाचे टक्केवारीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. प्रयोगवही जोडावी लागत नाही. पुष्कळ विभागांत विद्यार्थी गेला की त्याच्या वह्या रद्दीत जातात. सभागृहात विभागप्रमुख आणि मार्गदर्शक मंडळी बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्यांच्या तारीखवार वह्या विभागाच्या ग्रंथालयात जमा करून घ्या आणि कोणी मागितल्या तर दाखवा. पेटंटचा किंवा पैशाचा करार करताना त्याची प्रत विद्यार्थ्याच्याही हाती द्या. आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल पुढचा सत्कार स्वीकाराल, तेव्हा ज्याने ते काम हाताने केले त्याचे नाव घ्या, आणि जमले तर त्याला व्यासपीठावर बोलावा.